वाहन खरेदीबाबत थांबावे किंवा कसे

माणसाच्या आयुष्यात वाहनं दोन प्रकारची असतात. एक, ज्यात तो बसतो. दुसरं, ज्याची तो वाट बघतो. यातलं दुसरं सर्वार्थाने श्रेष्ठ. वाट बघितलेल्या गाडीला आजवर एकही अपघात झाल्याची नोंद नाही. ती तेल पीत नाही, पंक्चर होत नाही, तिच्यावर कुणी खिळ्याने नाव कोरत नाही आणि मेहुणा ती लग्नाला मागत नाही. एवढे गुण बसायच्या गाडीत सापडत नसल्यामुळे जाणती माणसं गाडी घेत नाहीत. जामसंड्याचा परशुराम हा असा जाणता माणूस.

तो तालुक्याच्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळतो. (कुठल्या, ते सांगायची गरज नाही, ज्यांची कामं अडली आहेत त्यांना ठाऊक आहे.) चोवीस वर्षांच्या नोकरीमुळे त्याची जीभ दुभंगली आहे. भाजीत मीठ कमी असेल तर तो मालवणीत बोलतो. विषय गंभीर असेल तर कचेरीतल्या मराठीत. मुलीच्या बारशाला त्याने नावाबाबत अभिप्राय मागवले होते. ते येईपर्यंत मुलगी रांगायला लागली, म्हणून बायकोने, सत्यवतीने, परस्पर तिचं संचिता ठेवून टाकलं.

गाडीची गरज परशुरामला नव्हती. त्याच्या आईला होती. काशीबाई तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांची. गुडघे गेलेले, बाकी सगळं शाबूत, त्यातल्या त्यात जीभ. तिची थोरली बहीण यशोदा रेडीला. जामसंडं जिल्ह्याच्या एका टोकाला, रेडी दुसऱ्या, त्यापुढे गोवा. बसने जायचं तर तीनदा उतरायचं आणि तीनदा चढायचं, आणि बसची पायरी काशीबाईच्या गुडघ्यांनी कधीच नामंजूर केलेली. यशोदेचे डोळे मावळत चालले होते. तिने फोनवर सांगितलं, "माका दिसता तवसर ये गो."

काशीबाईने फोन ठेवला आणि मुलाकडे बघितलं. परशुराम विरघळला. "गाडी घेवया आये," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी काशीबाईने कापडी पिशवी भरली. दोन लुगडी, गुडघ्याचं तेल आणि बहिणीसाठी गुळात घोळलेल्या कुरकुरीत मालवणी खाजाचं पाकीट. पिशवी तिने दाराशेजारच्या खुंटीला लावली, म्हणजे गाडी आली की हात घातला आणि निघाली. ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट.

गाडी जवळजवळ ठरली होती. सात माणसांची, पांढरी. तेवढ्यात गणपती आले, आणि गणपतीबरोबर मुंबईहून पुतण्या चंदन आला. चंदनकडे स्वतःची गाडी नाही, त्यामुळे त्याचं गाड्यांबद्दलचं ज्ञान निर्मळ आहे.

"काका, आता घेतलंस तर फसलंस. दिवाळेक नवीन मॉडेल येता."

"तुका कोणी सांगल्यान?"

चंदनने मोबाईल पुढे केला. त्यात काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या कापडात गुंडाळलेली एक गाडी कुठल्याशा घाटातून जात होती. तोंड दिसत नव्हतं, पाठ दिसत नव्हती. परशुराम त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिला. स्वतःच्या लग्नाआधी त्याने सत्यवतीचा फोटो एवढा वेळ पाहिला नव्हता, आणि त्यात तर सत्यवतीचं तोंड दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने फाईल उघडली. विषय: कौटुंबिक वाहन खरेदीबाबत. आत तुलनात्मक तक्ता जोडला. जुनं मॉडेल: दिवे गोल. नवीन: दिवे बारीक, रागावल्यासारखे. जुनं: छत पत्र्याचं. नवीन: छताला काच, उघडणारी. जुनं: रेडीस जाते. नवीन: रेडीस जाईल. शेरा: फरक नाही.

यानंतर लोकमत घेण्यात आलं. परशुरामने एकूण त्रेचाळीस जणांना विचारलं. एक्केचाळीस म्हणाले थांब. दोघे म्हणाले घे. त्या दोघांकडे गाड्या होत्या, म्हणजे ते हितसंबंधी. त्यांची मतं बाद. उरलेल्यांत एकमत झालं. आपल्याकडे एवढं एकमत शाळेच्या छपराबद्दल होत नाही, पाण्याबद्दल होत नाही आणि खड्ड्यांबद्दल तर नाहीच नाही. (रस्त्याचंही नवीन मॉडेल येणार आहे असं ऐकतो.)

तरी परशुराम एकट्याच्या जबाबदारीवर काही करणारा नव्हता. वरिष्ठांची मंजुरी हवी. घरच्या बाबतीत वरिष्ठ म्हणजे ग्रामदैवत. आमच्याकडे विहीर खणायची असो की सोयरीक जुळवायची, देवाला कौल लावतात. गुरव फुलाच्या ओल्या पाकळ्या देवाच्या अंगाला डावी-उजवीकडे चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ही पद्धत कुठल्याही कचेरीपेक्षा जलद आहे, आणि देवाला चहा पाजावा लागत नाही.

भिकाजी गुरवाने पाकळ्या लावल्या. परशुरामने प्रश्न लेखी आणला होता. भिकाजीने कागद लांब धरून वाचला: 'सद्यःस्थितीत वाहन खरेदी न करता सुधारित मॉडेल प्राप्त होईपर्यंत थांबावे किंवा कसे.'

"ह्या देवाक कळाचा नाय," भिकाजी म्हणाला. "आणि 'किंवा कसे' ह्येका पाकळी खंयच्या बाजून पडतली?"

मग त्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान चार चाकांची गाडी घेवचा मनात आणल्यान हा. तर नव्या मॉडेलासाठी थांबायचो तुझो हुकूम आसात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

उजवी पाकळी पडली. किती थांबायचं, हे कुणी विचारलं नाही. यशोदेच्या डोळ्यांबद्दल तर फाईलमध्ये कागदच नव्हता.

थांबणं म्हणजे आळस, असा काही अडाण्यांचा समज आहे. परशुरामइतके कष्ट गाडी घेतलेल्यांनीसुद्धा घेतले नसतील. त्याने अंगणात गाडीसाठी चिऱ्याची शेड बांधली. बांधून होते तोच बातमी आली की नवीन मॉडेल लांबीने चार बोटं जास्त आहे. मागची भिंत पाडून मागे सरकवली. पुढच्या वर्षी रुंदीही वाढल्याचं कळलं. बाजूची भिंत पाडली. अशी तीनदा. जिल्ह्यात न आलेल्या गाडीसाठी एवढी प्रशस्त जागा दुसरीकडे नसेल. रिकामी कशाला ठेवायची म्हणून सत्यवती तिथे आमसुलं वाळत घाली, आणि पावसाळ्यात शेजारचा बाबली आपली रिक्षा आणून लावी. ही रिक्षा चौदा वर्षांची. हे मॉडेल कंपनीने बंद केलं आहे, त्यामुळे तिच्याबाबतीत थांबण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

काशीबाई दर दिवाळीला पिशवीतलं खाजाचं पाकीट बदलायची. जुनं पाकीट घरातली माणसं चहाबरोबर खात. "यंदा रेडीचो खाजो मऊ झालो," संचिता म्हणायची.

"परशा, माका रेडीक कधी न्हेतलंस रे?"

"प्रकरण विचाराधीन आहे."

"माजो इचार कर. गाडयेचो देव करतलो."

"नवीन मॉडेल येवंदे, आये."

आणि खरंच, दोन वर्षांनी नवीन मॉडेल आलं. कुडाळच्या शोरूमात फुगे लागले. सत्यवतीने देवापुढे साखर ठेवली. "आता देवाचो हुकूम पुरो झालो मां?"

परशुरामने चष्मा काढून पुसला. "हुकूम नवीन मॉडेलची वाट पाहण्याबाबत आहे. हे मॉडेल उपलब्ध झालेलं आहे. उपलब्ध वस्तूची वाट पाहता येत नाही. सबब हुकूम कायम आहे."

सत्यवतीने साखर उचलून डब्यात परत ओतली. "मगे परत कौल लाव."

"एकाच विषयावर देवाला दोनदा विचारणं म्हणजे अपील. त्याची तरतूद नाही."

शिवाय पहिल्या खेपेच्या गाड्यांत दोष असतात, असं एक्केचाळीस जणांचं म्हणणं. दोष निघायची वाट बघण्यात वर्ष गेलं. दोष निघाले नाहीत, हेच परशुरामला संशयास्पद वाटलं. तोवर चंदनने नव्या मॉडेलच्या नव्या मॉडेलचं चित्र पाठवलं. पुन्हा कापडात गुंडाळलेलं. यशोदेचा फोन मधून मधून येई. आधी ती विचारायची, कधी येतस. मग विचारेनाशी झाली, नुसती पावसापाण्याचं बोलायची.

यंदा मार्चमध्ये शोरूमातल्या जितेंद्रने परशुरामला खास बोलावलं. येऊ घातलेल्या मॉडेलचा नमुना दोन दिवसांसाठी आला होता. परशुराम रजा टाकून, फाईल घेऊन कुडाळला गेला. (बसने.) नमुन्याच्या गाडीत बसून त्याने प्रश्नावली काढली.

"छताची काच उघडी असताना वरून नारळ पडल्यास काय?"

"सर, तसं पुस्तिकेत दिलेलं नाहीये."

"आमच्याकडे पडतो. लेखी घ्या."

जितेंद्रने लेखी घेतलं. हा पोरगा चांगला आहे; सहा वर्षांत त्याचं लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि परशुराम त्याच्या लेखी अजून 'उद्या येणारं गिऱ्हाईक' आहे.

त्याच सकाळी जामसंड्यात काशीबाई देवळात गेली होती. बाबलीने तिला रिक्षातून पायरीपर्यंत नेलं.

"काय इचारू गो काकी?" भिकाजी म्हणाला.

"रिक्षान गेलंय तर चलात काय, इतक्याच इचार."

उजवी पाकळी भिकाजीचं गाऱ्हाणं संपायच्या आत पडली. (गाभाऱ्यातला पंखा चालू होता, असा आक्षेप परशुरामने नंतर नोंदवला. त्याच्या कौलाच्या वेळीही पंखा चालूच होता. ती नोंद फाईलमध्ये आढळत नाही.) सत्यवतीने खुंटीवरची पिशवी घरून देवळाशी आणून दिली, कमरेमागे दोन उशा लावल्या, आणि रिक्षा देवळासमोरूनच निघाली.

कुडाळचं शोरूम हमरस्त्याला लागून आहे, समोर सगळी काच. परशुराम नमुन्याच्या गाडीत पट्टा लावून बसला होता. त्याला काचेपलीकडे एक रिक्षा जाताना दिसली. आधी त्याच्या मनात आलं की मागच्या म्हातारीला पट्टा नाही. मग पिशवी ओळखीची वाटली. मग म्हातारी. काशीबाईनेही शोरूम बघितलं आणि आतल्या गाड्यांना, उत्सवातल्या रथाला करतात तसा, जाता जाता नमस्कार केला.

परशुरामने हॉर्न दाबला. वाजला नाही. पुन्हा दाबला.

"सर, नमुन्याच्या गाडीची बॅटरी काढून ठेवलेली असते," जितेंद्र म्हणाला.

रिक्षा पिंगुळीच्या दिशेने दिसेनाशी झाली.

दुपार कलली तेव्हा परशुराम घरी पोचला होता आणि फोनजवळ बसला होता. फोन आला.

"पोचलंय," काशीबाई म्हणाली. आवाज ताजा होता. "खाजो दिलंय. यशोदेक दात नाय, चायेत बुडवन खाता."

"आये, मावशेन वळाखल्यान तुका?"

काशीबाई हळू बोलली, बहिणीला ऐकू जाऊ नये अशी. "तिका आता काय दिसना नाय रे. ह्या दिवाळेपासून. तोंडार हात फिरवन वळाखल्यान. सगळ्या तोंडार फिरवल्यान."

फाईल परशुरामच्या मांडीवर होती.

"कशान इलंस म्हणान इचारी होती. मी सांगलंय, माज्या झिलाच्या, परशाच्या, नव्या गाडयेन. मगे तिका बसवन गावातसून एक फेरी मारून आणलंय. म्हणता कशी, झिलान बरी गाडी घेतल्यान, वारो बरो लागता." काशीबाई हसली असावी. "तू इलंस तर तिका काय सांगा नको."

"आये, मी उद्या येतंय तुका न्हेवक."

"कशान येतलंस?"

या प्रश्नाचं उत्तर अंगणात, तीनदा पाडून बांधलेल्या शेडमध्ये, आमसुलांसारखं वाळत पडलं होतं.

"घाई नाय," काशीबाई म्हणाली. "हय माजा बरा चल्ला हा. नवीन मॉडेल येवंदे."

फोन बंद झाला. परशुरामने फाईल उघडली, तक्ता काढला, आणि 'फरक नाही' या शेऱ्याकडे संचिता दिवा लावायला येईपर्यंत बघत राहिला. गाडी त्याने अजून घेतलेली नाही. काशीबाई अजून रेडीला आहे. बाबलीची रिक्षा यशोदेच्या गावात 'जामसंड्याची नवी गाडी' म्हणून ओळखली जाते.

इथवर वाचून ज्यांना परशुरामचं हसू आलं, त्यांनी ते पुरतं हसून घ्यावं. मग उठून आपल्या घराच्या दाराशेजारची खुंटी बघावी. तिथे कुणाची भरलेली पिशवी नसेल, तर त्याचे दोनच अर्थ निघतात. एक, तुमच्या घरात कुणाला कुठे जायचं नाही. दोन, ज्याला जायचं होतं ते माणूस रिक्षाने निघून गेलं. यातलं नेमकं कुठलं, हे फोन करून विचारता येईल. (पण तुम्हाला वाटत असेल की थोडं सवडीने करू, तर अवश्य थांबा. एक्केचाळीस जणांचं तेच मत आहे.)