काचेपलीकडची हाक

"लक्ष म्हणजे दारावरचा रखवालदार!" सरांनी कानांवर हेडफोन चढवता चढवता जाहीर केलं. "एका वेळी एकालाच आत सोडतो. बाकीचे कितीही ओरडोत, बाहेरच!"

समोर सतरंजीवर इमारतीतली पाच-सहा पोरं मांडी ठोकून बसली होती. सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. सुट्टीच्या दिवशी पोरांना जमवायचं आणि काहीतरी करून दाखवायचं, हा त्यांचा छंद. आज त्यांच्या उजव्या कानात मुंग्यांची गोष्ट वाजणार होती आणि डाव्या कानात बातम्या. मुंग्यांची गोष्ट सर ऐकता ऐकता शब्दन् शब्द मोठ्याने म्हणणार. आणि शेवटी डाव्या कानातली एकही बातमी त्यांना सांगता येणार नाही!

"मग रखवालदार दुसऱ्या कुणाचंच ऐकत नाही?" छोटीने विचारलं. पुढचे दोन दात पडलेली छोटी सगळ्यांत लहान.

"शाब्बास! फक्त एक हाक ऐकतो. आपलं स्वतःचं नाव! ते कानावर पडलं की ताडकन उठतो."

काकू, म्हणजे सरांची बायको, ओल्या कपड्यांची बादली घेऊन बाल्कनीकडे निघाल्या होत्या. हे भाषण त्या लग्न झाल्यापासून ऐकत होत्या. "अहो, गॅसवर तेल तापतंय. एवढे चार कपडे वाळत टाकून येते. लक्ष असू द्या."

"अगं, लक्षाच्या मास्तरलाच लक्ष द्यायला सांगतेस?" सर हसले. पोरंही हसली. काकू बाल्कनीत गेल्या.

मग सरांनी शांततेची तयारी केली. दारावरची बेल बंद. स्वयंपाकघराचं दार बंद. बाल्कनीचं काचेचं दार बंद, वर खट्कन कडी! दाराच्या पलीकडे बायको आहे, एवढी बातमी मात्र रखवालदाराने आत सोडली नाही.

"तुम्ही फक्त मी 'मुंगी' किती वेळा म्हणतो ते मोजा. काहीही होवो, हलायचं नाही, बोलायचं नाही!" असं बजावून सर काचेकडे पाठ करून बसले आणि सुरू झाले. "एक मुंगी निघाली. तिच्यामागून दुसरी मुंगी..."

चौथा टॉवेल टाकून काकूंनी दार ढकललं. हलेना! त्यांनी काच वाजवली. सर मुंग्यांत. पोरं बोटांवर मोजतायत. छोटीने तेवढं वर पाहिलं आणि आनंदाने हात हलवला. शेजारच्या दादाने तिला कोपर मारलं. "मोज! हा पण प्रयोगच असेल!"

काकूंना गॅसवरचं तेल आठवलं. बाल्कनीच्या कडेला स्वयंपाकघराची खिडकी होती, गजांची. सरांच्या बंदोबस्तात नेमकी तीच उघडी राहिलेली! गजांतून डोकावल्या, तर कढईतून धुराची बारीक रेघ निघत होती. आणि शेगडीच्या काठावर, कढईपासून चार बोटांवर, हात पुसायचं फडकं.

"अहो!" काकू ओरडल्या. "अहो, ऐकलंत का!"

ऐकलं! खालच्या बाल्कनीतून एक नवरा बाहेर आला. समोरच्या इमारतीतून दोन आले. तिघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव, आता आपलं काय चुकलं!

"काय झालं वहिनी?" खालच्याने विचारलं.

"कढई! आमची कढई!"

खालच्याने आपली बाल्कनी नीट तपासली. "इकडे नाही पडली वहिनी!" आणि तो सुटकेचा निःश्वास टाकून आत गेला.

काकूंनी कपडे टाकायची काठी उचलली. गजांतून आत घातली. गॅसच्या बटणाला टोक लावून बंद करायचं, बस! बटण फिरलं. पण उलट्या बाजूला! ज्योत भसकन मोठी झाली, धूर काळा झाला. काठी घाईने मागे ओढली तर फडकं दोन बोटं आणखी पुढे सरकलं.

"सर!" काकूंनी हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा. पण 'सर' तर सगळं गावच म्हणतं, आणि 'अहो' घरोघरी असतात. आत मुंग्या वारुळापर्यंत पोचल्या होत्या.

काकूंना ते भाषण आठवलं. फक्त स्वतःचं नाव. आणि सरांचं खरं, हाडीमाशी मुरलेलं नाव एकच होतं. सासूबाई मारायच्या ती हाक. "पोरांसमोर हे कधी काढायचं नाही हं," असं सरांनी त्यांच्याकडून वचनच घेतलं होतं.

कढईतल्या तेलाने पेट घेतला.

काकूंनी गजांत तोंड घातलं, डोळे मिटले आणि फुफ्फुसं रिकामी केली. "ए ढब्बूऽऽ!"

"...तिसरी मुंगी वळली आणि..." सर थांबले. ताडकन उठले! हेडफोनची वायर ओढत, मोबाइल फरफटवत स्वयंपाकघरात धावले. ज्वाळा पाहून मात्र त्यांचं डोकं शांत चाललं. गॅस बंद केला, ताट उचलून कढईवर झाकलं, फडकं बेसिनमध्ये फेकलं. आग गुदमरून विझली. भिंत तेवढी काळी झाली.

काजळलेल्या नाकाने सर बाहेर आले. पोरं घाबरून भिंतीला चिकटली होती. "घाबरू नका! विझलं सगळं!" आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "पण पाहिलंत? एवढ्या मुंग्यांतून, एवढ्या बातम्यांतून, बंद दारातून माझं नाव आत आलं! सिद्धांत जसाच्या तसा सिद्ध झाला! यालाच म्हणतात लक्ष! आता सांगा, यातून आपण काय शिकलो?"

छोटीने हात वर केला.

"बोल बाळ."

"ढब्बू सर, काकू अजून बाहेरच आहेत."

सरांनी वळून पाहिलं. काचेपलीकडे काकू उभ्या होत्या. हातात काठी होती.

त्या घरात आता 'अहो' ऐकू येत नाही. पहिल्या हाकेतच काम होतं, असं काकू म्हणतात.