भाजीचं पाणी

आमच्या शेजारचे टेंभरेकाका कुणाकडे जेवायला गेले की ताटाकडे नंतर बघतात, आधी मोरीकडे बघतात. मोरीत हिरवट पाणी दिसलं की संपलंच. "भाजीचं सत गेलं!" असे ओरडतात, की घरात चोरी झाली असं वाटावं.

गोंदियाजवळच्या कुडव्यात आम्ही नवीन राहायला आलो, त्याच आठवड्यात त्यांनी माझी शाळा घेतली. मी पालक चिरून पाण्यात टाकला होता. कुंपणावरून आवाज आला, "काऊन व पोरी, आधी धुवाचा, मंग कापाचा! आता काय चोथा खाशील?" दुसऱ्या दिवशी भात पसवून पेज काढायला घेतली तर हे वाटी घेऊन दारात. "पेज फेकू नोको. दे इकडं." अन् उभ्याउभ्या पिऊन मोकळे! असा संताप यायचा मला. माझं घर, माझा भात, माझी पेज!

काकांची उमर राइस मिलमध्ये गेली. तांदूळ घासून घासून पांढरा होताना त्यांनी रोज पाहिला. "पांढरा माणसाले अन् कोंडा बैलाले. बैल आपल्यापेक्षा चांगला जेवून राहिला ना व!" म्हणून घरात तांदूळ हातसडीचाच, जवळच्या गोरेगावच्या बाजारातून शोधून आणलेला. तो शिजता शिजत नाही. शेवंताकाकू कपाळाला हात लावायच्या. "याइच्या तांदळापायी माझा सिलिंडर पुरत नाही, बाई."

यंदा काकूंच्या पायांवर सूज आली. गोंदियात तपासलं, तर किडनी कमजोर निघाली. सोबत काका अन् मी गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, "रक्तात पोटॅशियम वाढलंय, हृदयाला धोका आहे. भाजी बारीक चिरा, चिरल्यावर भिजवा, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या."

"फेकून?" काकांनी विचारलं.

"फेकून."

"सगळंच?"

डॉक्टर वैतागले. ज्या गोष्टीवरून काका गल्लीभर भांडले, नेमकी तीच आता घरात करायची होती.

काकूंना उभं राहवेना, म्हणून चूल काकांकडे आली. रोज उकळायचे, रोज गाळायचे. तरी पुढच्या तपासणीत आकडा आणखी चढलेला! डॉक्टर चिडले, "घरी काय खायला घालता तुम्ही?" काकांनी गळ्याची शपथ घेतली, "भाजी पिळून पिळून देऊन राहिलो जी." पुन्हा चढला तर दवाखान्यात भरती करावं लागेल, डॉक्टर म्हणाले. काकूंना दारापर्यंत चाललं तरी धाप लागत होती.

दोन दिवसांनी दुपारी मी डोकावले. काकूंपुढे ताट होतं. भाजी पांढरीफटक, अन् भात हिरवा.

"काका, भात हिरवा कसा?"

"पालकाच्या पाण्यात शिजवला," काका खुशीत म्हणाले. "भाजीतून काढाले सांगतलं, काढलं. भातात टाकू नोको असं कुठं म्हटलं डॉक्टरनं?"

मी ताट ओढलंच. "अहो, जे काढायला सांगितलं तेच परत पोटात घालताय! काकूंच्या जिवावर उठलात का?"

बोलून गेले अन् जीभ चावली. काका भिंतीला टेकून खालीच बसले. "म्हणजे मीच..." एवढंच म्हणाले. काकू उलट माझ्यावरच डाफरल्या, "त्याइले नोको बोलू. मले अशक्तपणा येऊ नये म्हणून करून राहिले ते."

त्या दिवसापासून काका पाणी अंगणात ओततात. ओतताना मान वळवतात. मग मला हाक, "पोरी, पाहून दे व, भाजीत राहिलं तर नाही ना?" मी मुकाट्याने जाते. परवाच्या तपासणीत आकडा जरा उतरला. पण काकांची झोप काही परत आली नाही. काकू झोपल्या की हे त्यांच्या नाकाशी हात धरून बसतात.

काल जेवणाच्या वेळी गेले, तर दोघांच्याही ताटात तीच उकळून पिळलेली, बेचव भाजी. काका किती वाळलेत ते मला तेव्हा दिसलं. मी रागावले, "तुम्हाला काय झालंय? तुमच्यापुरती तरी चांगली करा!"

काकू हात धुवायला गेल्या होत्या. काकांनी तिकडे एकदा पाहिलं अन् हळूच म्हणाले, "ती अशी खचून राहिली, अन् मी एकटाच ताकद घेऊन मागं राहून काय करू व?"

काकू परत आल्या. काकांनी त्यांचा पाट सरळ केला अन् घास घेतला.