येलदरीच्या तळाला सोडलेला कॅन

बापूंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्यांचं लिहायचं तर माझंही लिहावं लागतं. आता ते नाहीत, तेव्हा लिहितो.

बोरीत बोअरच्या मोटारी दुरुस्त करणारे बापू माणसाला समुद्राच्या मापानं मोजत: किती खोल गेल्यावर पाण्याच्या दाबानं चेपेल. नवा माणूस दिसला की वरखाली न्याहाळून म्हणत, "हे शंभर मीटरला चेपतंय." शेजारचा किराणावाला म्हणून माझा निकाल आधीच लागलेला: "शेट, तुमी तर हिरीतच चेपताव." आणि सरपंच? "आत निस्ती हवा! पयलं तेच चेपतंय."

समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण चहा गार होईस्तोवर समजावत, "आधी लोखंडी गोळ्यात माणूस बसवून दोरानं सोडायचे. मग दोराबिगर जायला लागले. आता टायटॅनियमचा गोळा पार तळाला जायलाय. अन् आपुन येलदरीला भ्यायचं?"

येलदरी धरणाच्या पाण्याखाली त्यांचं गाव होतं. आई गेल्यावर थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, त्यांना वाढवलेलं. आक्का आता खाटेला खिळल्या होत्या आणि त्यांना एकदा माहेरचा उंबरा बघायचा होता. म्हणून बापूंनी दुधाच्या स्टीलच्या कॅनला जाड काच बसवली, आत कॅमेरा आणि दिवा ठेवला, झाकणाला कुकरची कोरी रिंग लावली. "सगळा खेळ या रिंगीचा हाय, शेट."

आमच्या घरी कुकरची शिट्टी होत नव्हती, बायको रोज बोलत होती, आणि रिंगीसाठी जिंतूरला जायचा मला कंटाळा. कॅन सोडायच्या आदल्या दिवशी बापू जेवायला गेले तेव्हा मी आमची जुनी रिंग कॅनला लावली, नवी घरी नेली. रिंग ती रिंग! संध्याकाळी तुरीची डाळ लोण्यासारखी शिजली.

बापू आणि मी धरणात होडीतून कॅन सोडला. वायरीनं जोडलेल्या पडद्यावर हिरवं पाणी, एक मासा, मग काळोख. वर ओढला तर आत पाणी डुचमळत होतं.

"बापू, मासा तरी धरून आणायचा की!" होडीवाला खिदळला.

"हिशेब माझाच चुकला," बापू एवढंच बोलले.

परतीच्या वाटेत मी कबुलीचे शब्द जुळवत होतो. आक्कांच्या खाटेशी बसलो, तर बापूंनी सुरुवात केली, "आक्का, उंबरा हाय तसाच. माय सडा टाकायची ती जागा बी दिसली."

धरणापायी गाव उठलं तेव्हा बापू आक्कांच्या कडेवर होते. आक्कांनीच कधी सांगितलेलं ते त्यांनाच परत सांगत होते.

आक्का माझ्याकडे वळल्या. "शेट, तुमी बी पाह्यलं का हो?"

बापू खाली मान घालून कॅन पुसत राहिले.

"पाह्यलं, आक्का. लय साजरा उंबरा हाय."

बापूंची माफी मागायला उघडलेल्या तोंडातून एवढंच निघालं.