मिसेस पॉकॉक यांच्या घराचा मूळ मालक

जगातल्या प्रत्येक वस्तूला मालक असतो आणि गरजेच्या वेळी तो सापडत नाही, हे सत्य सर्व सुधारलेल्या देशांनी मान्य केलेलं आहे. इंग्लंड त्याच्याही एक पाऊल पुढे गेलं. तिथे माणूस फ्लॅट विकत घेतो, पडदे लावतो, भिंतीला खिळे ठोकतो आणि मग सवडीने कागद वाचतो, तेव्हा त्याला कळतं की आपण फ्लॅट घेतलेला नसून नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा घेतलेला आहे. खालची जमीन, बाहेरच्या भिंती आणि वरचं छप्पर मूळ मालकाचं. पट्टा संपला की फ्लॅटही त्याचाच. ही पद्धत शेकडो वर्षं चालू आहे आणि कोणालाच नीट समजलेली नाही, त्याअर्थी ती उत्तम असली पाहिजे.

मिसेस थेल्मा पॉकॉक यांना हे समजून घेण्याची गरज वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पडली. समुद्रकाठच्या गावात, नऊ, क्लॅरेन्स टेरेस या घराच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर त्या एकोणचाळीस वर्षं राहत होत्या. पायऱ्या चोपन्न. गुडघे दोन, तेही नावापुरते. श्रूजबरीला त्यांची थोरली बहीण एनिड एकटी राहायची, आणि तिच्या समोरचंच बैठं घर विकायला निघालं होतं. "येतेस ना गं बाई?" एनिड दर रविवारी फोनवर विचारायची. "एकटीनं चहा पिऊन पिऊन जीव विटलाय माझा." थेल्माबाईंचाही विटला होता. मरायच्या आधी चार वर्षं बहिणीशी समोरासमोर भांडायला मिळावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

फ्लॅटला गिऱ्हाईकही मिळालं. पण वकिलांनी सांगितलं की पट्ट्याची साठच वर्षं उरली आहेत. (थेल्माबाईंना ती पुरली असती. बँकेला पुरत नाहीत. बँका दीर्घायुषी असतात.) मुदत वाढवून आणा, गिऱ्हाईक सप्टेंबरअखेरपर्यंत थांबेल. वाढवून कोण देणार? मूळ मालक. तो कोण? "ते तुम्हालाच माहीत असणार," वकील म्हणाले, आणि एवढं सांगितल्याचं बिल पाठवलं.

थेल्माबाईंनी प्रथम शेजाऱ्यांना विचारलं. तळमजल्यावर मिस्टर ट्रॉटमन होते, एकतीस वर्षांचे शेजारी. त्यामुळे ओळख अजून आडनावाच्या पुढे गेली नव्हती.

"कोणीतरी ड्यूक असणार, मिसेस पॉकॉक," ते म्हणाले. "नाहीतर राजा. या देशात तळापर्यंत खणत गेलं की शेवटी राजाच लागतो."

"मग गळक्या पन्हळीचं राजाला लिहायला हवं होतं म्हणायचं," थेल्माबाई म्हणाल्या.

कारण मालकाशी त्यांचा पत्रव्यवहार जुना होता. त्यांच्या निजायच्या खोलीवरची पन्हळ गळायची. पट्ट्याच्या कागदावर ओगल नावाच्या हिशेबनिसाचा पत्ता होता. त्या पत्त्यावर, 'मालक यांस' अशी, त्यांनी आजवर अडतीस पत्रं धाडली होती. उत्तर एकाचंही नाही. मालक म्हणजे उलट्या काळजाचा, नाठाळ, आडमुठा इसम आहे, असं त्यांचं ठाम मत होतं आणि शेवटच्या काही पत्रांत त्यांनी ते त्याला कळवलंही होतं.

मग त्यांनी जमीन नोंदणी कचेरीतून उतारा मागवला. (ही कचेरी अतिशय कार्यक्षम आहे. विचारलेल्या प्रश्नाचं ती अचूक उत्तर देते आणि त्याने काहीही उलगडत नाही.) उताऱ्यावर मालकाचं नाव होतं, ब्रॅम्बलटाइड लिमिटेड. थेल्माबाईंनी ते वाचलं मात्र, त्यांना ते ओळखीचं वाटलं. वाटायलाच हवं. दर शनिवारी त्या त्याच्यावरची धूळ पुसत होत्या.

इथे त्या देशाचा एक सद्गुण सांगितला पाहिजे. सामाईक दरवाजातून आत पडलेलं पत्र ज्याच्या नावाचं, त्याचं. नावाचा माणूस घरात नसेल तर ते हीटरवरच्या फळीवर ठेवायचं. उघडायचं नाही, टाकायचं नाही, त्याबद्दल बोलायचं तर मुळीच नाही. क्लॅरेन्स टेरेसच्या फळीवर 'सेक्रेटरी, ब्रॅम्बलटाइड लि.' यांच्या नावाची पाकिटं तारीखवार, रबरबँड लावून रचलेली होती. एकूण एकशे बेचाळीस.

"मग फोडा की!" तळघरातली फोलासादे म्हणाली. ती इस्पितळात नर्स होती, लागॉसहून येऊन तिला सहाच वर्षं झाली होती, म्हणून तिला असं सुचू शकलं.

मिस्टर ट्रॉटमन यांच्या हातातला कप बशीवर वाजला. "दुसऱ्याचं पत्र?"

"अहो, चौतीस वर्षं पडलीत ती! मालक काय लाजतोय का घरात यायला?"

फळीसमोर उभ्या उभ्या बैठक झाली. चहा झाला, बिस्किटं झाली, आणि दोन विरुद्ध एक मतांनी ठरलं की ब्रॅम्बलटाइड लिमिटेडला रीतसर पत्र लिहून, त्यांची पत्रं फोडायची परवानगी मागावी. थेल्माबाईंनी सुवाच्य अक्षरात पत्र लिहून ओगल यांच्याकडे धाडलं. ओगल यांच्या कचेरीने नेहमीप्रमाणे ते नव्या पाकिटात घालून सेक्रेटरींकडे रवाना केलं. अकराव्या दिवशी ते क्लॅरेन्स टेरेसच्या दरवाजातून आत पडलं. थेल्माबाईंनी ते पुसलं, रबरबँडखाली सरकवलं, आणि उत्तराची वाट पाहत बसल्या.

सप्टेंबर अर्धा सरला. एनिडचा फोन आला की समोरचं घर दुसरं कोणी बघून गेलंय, कुत्री पाळणारं. थेल्माबाई जिन्यात बाविसाव्या पायरीवर बसल्या आणि चक्क रडल्या.

तिथे त्यांना फोलासादे भेटली. तिने मोबाइल काढला, सरकारी यादीत कंपनीचं नाव घातलं, आणि हयात संचालकांचं नाव वाचून दाखवलं. नाव एकच होतं. थेल्मा रोझामंड पॉकॉक.

"अगं बाई!" थेल्माबाई म्हणाल्या. "ती शेरीची संध्याकाळ!"

एक्क्याण्णव साली वरच्या-खालच्या चार बिऱ्हाडांनी मिळून जमीन विकत घेतली होती. ओगल यांनी तयार असलेली एक कंपनी नावासकट आणून दिली होती आणि तिचा पत्ता याच घराचा घातला होता. थेल्माबाईंनी सही केली होती ती, शेरी नावाच्या गोडसर दारूचे पेले फिरत असताना, समुद्रपक्ष्यांच्या उपद्रवाविरुद्धचा अर्ज समजून. काय आहे हे विचारणं त्यांना बरं दिसलं नव्हतं. बाकीचे तिघे यथावकाश देवाघरी गेले. ओगल यांची कचेरी दरवर्षी कंपनीचा फॉर्म भरत राहिली. (का भरता, असं त्यांनाही कोणी विचारलं नाही.)

पत्रं फुटली. वार्षिक फॉर्मच्या प्रती चौतीस, ओगल यांची नाताळची भेटकार्डं चौतीस, छप्पर दुरुस्त करून देणाऱ्यांच्या जाहिराती छत्तीस, परवानगीचा अर्ज एक. उरलेली अडतीस पन्हळीबद्दल.

थेल्माबाईंनी ती चष्मा लावून क्रमाने वाचली. विसाव्यापाशी त्यांच्या कपाळाला आठी पडली. तिसाव्यापाशी त्या म्हणाल्या, "काय बाई आहे ही! सारखी आपली कटकट. आणि भाषा तरी कसली? म्हणे, लाज कशी वाटत नाही!"

"तुम्हीच आहात ती," फोलासादे म्हणाली.

"ते ठाऊक आहे मला. पण बोलायची काही रीत असते की नाही?"

पुढचं काम कायद्याने झालं. भाडेकरू आणि मालक यांचे हितसंबंध परस्परविरोधी असल्यामुळे एकच वकील दोघांना चालत नाही, म्हणून थेल्माबाईंनी दोन नेमले. पहिल्याने मागणी केली, दुसऱ्याने ती तत्त्वतः अमान्य केली, पहिल्याने खेद व्यक्त केला. एकोणतीस तारखेला थेल्माबाईंनी टेबलाच्या एका बाजूला बसून सही केली, उठून दुसऱ्या बाजूला गेल्या, आणि पुन्हा सही केली. मुदत नऊशे नव्व्याण्णव वर्षांची झाली. पन्हळीच्या तक्रारीवर मालक या नात्याने त्यांनी शेरा मारला: 'विचाराधीन'. मग राजीनामा दिला, मिस्टर ट्रॉटमन यांचा हात हातात घेऊन त्यांना पहिल्यांदाच 'सिरिल' म्हटलं, आणि एनिडशी भांडायला श्रूजबरीला गेल्या. नव्या गिऱ्हाईकाने महिन्याभरात मालकाला पत्र लिहिलं. ते फळीवर आहे.

वाचकहो, हसलात ना? हसा. मग आता एवढंच करा. ज्या फ्लॅटमध्ये पाय पसरून हे वाचताय, त्याच्याखालची जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे की अजून बिल्डरच्याच, हे तुमच्या सेक्रेटरीला विचारून या. आम्ही थांबतो.

(सेक्रेटरी कोण ते आठवत नसेल, तर मागच्या की त्याच्या मागच्या वार्षिक सभेत, चहा-बटाटेवड्याच्या गडबडीत, तुम्ही कशावर सही केली होती ते आधी आठवा.)