आर्डिसचा हिरवा फुगा

शनिवारी सकाळी आर्डिस टॉवेल घेऊन न्हाणीघरात शिरली, तर टब आधीच भरलेला. शेजारी तिचा नवरा गुडघे टेकून बसला होता आणि पाण्यावर वाटाण्याएवढे रंगीबेरंगी फुगे हेलकावे खात होते.

"व्हर्न, हे काय चाललंय?"

"तुझ्यासाठीच चाललंय!" व्हर्न मान वर न करता म्हणाला. "गुलाबी नीट उभा राहतोय, पण तुला लांबून दिसेल का?"

व्हर्न टॉलेफसन शाळेत बँड शिकवून निवृत्त झाला होता. लग्न झाल्यापासून तो बायकोला मॅडिसन नदीवर मासे धरायला चल म्हणत आला होता, आणि ती दर वेळी "पुढच्या वर्षी" म्हणत आली होती. या बुधवारी जेवताना ती अचानक म्हणाली, "रविवारी येते मी." तेव्हापासून व्हर्नच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पहिल्याच दिवशी हिला ट्राउट मासा लागला नाही, तर ही पुन्हा नदीचं तोंड बघायची नाही! गळाला बांधलेली खोटी माशी पाण्याखाली जाते. मासा ती तोंडात घेतो आणि क्षणात थुंकतो. ते कळायचं कसं, तर दोरीवर तरंगणारा फुगा हिसका खाऊन बुडाला की. म्हणजे सगळा संसार त्या फुग्यावर येऊन ठेपला होता. मोठा लावावा तर मासे बिचकतात, बारीक लावावा तर आर्डिसला चष्म्यातूनही दिसणार नाही. पांढरा फेसात हरवतो, पिवळा गळून पडलेल्या पानांत.

"आणि नळ का चालू ठेवलायस?"

"नदीला प्रवाह नको? नळातून येतं, तळातून जातं."

"तळाची जाळी कुठंय?"

"ती मध्ये येत होती, काढली."

तेवढ्यात फुग्याऐवजी लावून बघायला केलेला लोकरीचा एक गोंडा गोल गोल फिरला आणि भोकात गडप झाला. त्याच्यामागे गुलाबी फुगाही गेला. "अरे, गुलाबी!" व्हर्न ओरडला. मग चूक कोणाची यावर दोघांचं दारात उभं राहून रीतसर भांडण झालं. ते इतकं रंगलं की भोक बुजलंय आणि नळ चालूच आहे हे पायाला पाणी लागेपर्यंत कोणाच्या ध्यानात आलं नाही. खाली स्वयंपाकघरात छतातून धार लागली होती, आणि ती नेमकी चर्चच्या जेवणासाठी केलेल्या केकवर.

आर्डिसने प्लंबरला फोन लावला आणि स्वतः शेजारी अंघोळीला निघून गेली.

रोली प्लंबर व्हर्नचा जुना विद्यार्थी, बँडमध्ये ढोल वाजवायचा. त्याने तारेने गोंडा बाहेर ओढला आणि उजेडात धरला.

"सर, लोकर? अहो, दोन तासांत पाणी पिऊन बसते ही!"

"मेण चोळलंय मी."

"तरी पिते. फोमचा घ्या. नारिंगी."

"नारिंगी? या उन्हात?"

"थांबा, दाखवतोच."

आर्डिस परत आली तेव्हा टब पुन्हा काठोकाठ भरला होता आणि आता दोघेजण गुडघे टेकून बसले होते. वाकून तिने कडेला लागलेला एक हिरवा फुगा उचलला.

"हा."

"हिरवा?" दोघे एकदमच म्हणाले. "हिरवा कोणी लावत नाही!"

"हा आपणहून माझ्याकडे आला. आता दोघेही बाहेर व्हा."

रविवारी नदीवर ऊन कोवळं होतं. व्हर्नने जड मनाने हिरवा फुगा बांधून दिला. फुगा पाण्यावर पडला, दोन हात वाहिला आणि खालून एका ट्राउटने उसळून फुग्यालाच तोंड घातलं! चव पटली नाही, थुंकला. पुढच्या फेकीला पुन्हा तेच.

"माशीला नाही, फुग्याला खातोय!" व्हर्नने कपाळावर हात मारला.

"मग गळ फुग्यालाच लाव की."

"असं करत नाहीत, आर्डिस."

"माशाला माहितेय का ते?"

व्हर्नने गळ फुग्याच्या पोटात खोचला. तिसऱ्या फेकीला गळाची काठी धनुष्यासारखी वाकली, आर्डिस किंचाळली, व्हर्न जाळं घेऊन कमरेपर्यंत पाण्यात धावला. हातभर लांबीचा, ठिपक्याठिपक्यांचा मासा होता. तिथल्या रिवाजाप्रमाणे आर्डिसने तो ओल्या हातांनी हळूच पाण्यात सोडला आणि लागलीच काठी उचलली. दुपारपर्यंत तिने आणखी चार मासे धरले.

पलीकडच्या काठावर एक गृहस्थ सकाळपासून रिकाम्या हातांनीच उभे होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"बाई, कुठली माशी लावलीय हो?"

"माशी नाही!" आर्डिसने मोकळेपणाने ओरडून सांगितलं. "फुगा लावलाय! हिरवा!"

गृहस्थांचा चेहरा पडला. "नसेल सांगायचं तर राहू द्या," ते पुटपुटले, आणि सामान गोळा करून तरातरा वरच्या वळणाकडे चालते झाले.

"चिडला का रे तो? मी तर खरं सांगितलं."

व्हर्न हसता हसता दगडावर बसला. "अगं, मासे धरणारा माणूस नदीवर खरं सांगतो, हे कोणाला खरं वाटणार? आजपासून तू आमच्यातली झालीस."