पंख्याला बांधलेला जावई

घरातल्या टेबलफॅनला एक नाडी बांधायची, एवढंच मी ठरवलं होतं. त्यातून पुढे एवढं होणार आहे हे माहीत असतं, तर मी निदान सुतळी वापरली असती.

(हा किस्सा सांगितला की लोक पोट धरून हसतात. तुम्हीही हसा. मी आता कुणाला अडवत नाही.)

मी अवधूत. राहायला सावेडीत, नोकरी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. लॉकडाउनमध्ये कंपनीने लॅपटॉप देऊन घरी पाठवलं आणि परत बोलावलंच नाही. लोक म्हणतात, मजा आहे बुवा तुझी, घरी बसून काम. खरं सांगायचं तर मी घरी नसतोच. मी दिवसभर ऑफिसात असतो, आणि आतल्या खोलीत कुणाचा तरी संसार चालल्याचे आवाज मला तिथे ऐकू येतात.

आमच्या कंपनीत प्रत्येकाच्या नावापुढे एक टिपका असतो. माणूस कामावर असेल तर हिरवा. पाच मिनिटं माऊस हलला नाही की पिवळा. मी जेवायला बसलो की पिवळा, अंघोळीला गेलो की पिवळा. गेल्या तीन महिन्यांत आमच्या टीममधले चार टिपके नावासकट नाहीसे झाले. का गेले ते कुणी सांगितलं नाही, म्हणून ते पिवळेपणानेच गेले असं मी धरून चालतो. हल्ली वरण-भातसुद्धा मी डाव्या हाताने माऊस हलवत जेवतो.

माझ्या बायकोचं, यामिनीचं, या टिपक्याशी वाकडं आहे. ती इथल्याच एका शाळेत शिक्षिका आहे. सहा वर्षं ती म्हणते आहे की मे संपताना एकदा राजूरकडे जाऊ, काजवे बघू. सहा वर्षं मी म्हणतो आहे की एवढं एक काम संपू दे. काजवे बिचारे दरवर्षी वेळेवर येतात आणि माझी वाट बघून मरून जातात.

अशात यंदा अधिक महिना आला. तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना जावयांचा. सासुरवाडीला लेक-जावयाला बोलवून पुरणाचे धोंडे जेवू घालतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात, आणि एरवी ज्याला कुणी विचारत नाही अशा माणसाला एक दिवस नारायण मानून ओवाळतात. माझी सासुरवाडी राहात्याची. मागच्या अधिकात मी तिथे लॅपटॉपसकट गेलो होतो. मी एका पाटावर, लॅपटॉप दुसऱ्या पाटावर, आणि कानात मीटिंग. सासूबाई, म्हणजे विजयाताई, मनाने इतक्या मोठ्या की त्यांनी लॅपटॉपलाही कुंकू लावलं. (त्यातलं थोडं आत गेलं. डिलीटचं बटण तेव्हापासून दाबलं की वर येत नाही.) शेजारी नऊवारी नेसून बसलेल्या यामिनीने हळूच विचारलं, धोंडे आवडले का. मी म्हणालो, "हो, संध्याकाळपर्यंत पाठवतो."

त्या दिवशी ती एसटीत सावेडीपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

म्हणून यंदा शुक्रवारचं निमंत्रण आलं तेव्हा तिने भांडण केलं नाही. कपडे घड्या घालता घालता म्हणाली, "लॅपटॉप नसलेला नवरा एकदा आईबाबांना दाखवायचाय मला. त्यांनी अजून बघितलेला नाही तो."

मला खरंच वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्याच्या भरात मी सांगून टाकलं की मी सुट्टी घेतली आहे. तिने घडी अर्धी सोडून माझ्याकडे असं काही बघितलं की मला वाटलं, आता खरोखर घ्यावी.

घ्यायला हरकत नव्हती. माझ्या खात्यावर एक्केचाळीस सुट्ट्या साचल्या आहेत. आमच्या टीम लीड सिमरन मॅडम सुट्टीला कधीही नाही म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "जरूर घे, मजा कर, फक्त लॅपटॉप जवळ ठेव." तिथेच तर घोडं अडतं. शिवाय ते चार टिपके. मी दोन दिवस मेल लिहिला आणि दोन्ही दिवस पाठवला नाही.

मग पंखा सुचला. टेबलफॅन डावीउजवीकडे फिरता ठेवायचा, त्याच्या जाळीला नाडीचं एक टोक, दुसरं माऊसला. पंखा मान फिरवणार, माऊस सरकणार, टिपका दिवसभर हिरवा. घाईत सुतळी सापडेना. कपाटातल्या एका परकरातून लाल नाडी ओढून घेतली. चांगली लांब होती.

गुरुवारी संध्याकाळची मीटिंग संपताना सिमरन मॅडम सगळ्यांना म्हणाल्या, "उद्या एन्जॉय करा." यांना कळलं की काय? मी घाईघाईने मीटिंगमधून बाहेर पडलो आणि नाडीला आणखी एक गाठ मारली.

शुक्रवारी सकाळी यामिनीने माझा मोबाईल मागून घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. शेजारच्या शामकांतकाकांकडे किल्ली दिली. काका भूमिअभिलेख कचेरीतून निवृत्त झालेले. आम्ही बाहेर गेलो की तुळशीला पाणी घालतात. मी "विसरलो काहीतरी" म्हणून आत जाऊन पंखा सुरू केला. जाळी डावीकडे वळली, माऊस गेला. उजवीकडे वळली, माऊस परत आला. माझ्यापेक्षा मन लावून काम चाललं होतं.

राहात्याला पोचलो आणि मी इतका रिकामा कधी झालो नव्हतो. सासऱ्यांशी गप्पा मारल्या. ते तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवत होते. ते मला नवीन पाहुण्यासारखं न्याहाळत होते. स्वयंपाकाला मदतीला आलेल्या छबूबाईंनी पुरण चाखायला दिलं. पहिला अर्धा तास मी सुखी होतो, हे नोंदवून ठेवतो, कारण पुढे तसं काही नाही.

यामिनी आत साडी नेसायला गेली आणि पाच मिनिटांत दारातून हाक आली. लग्नातल्या शालूवरच्या परकराला नाडीच नव्हती. ती स्वतःवरच चिडली. म्हणाली, परवाच धुऊन ठेवलाय मी, होती की नाडी, मीच वेंधळी. सासूबाई शोधायला लागल्या. छबूबाई म्हणाल्या, "असूंद्या की ताई, घरात लई नाड्या हायेत." मी तिथेच उभा राहून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. माझ्यासाठी कुणी स्वतःला वेंधळं म्हणावं आणि मी एकादशी कधी आहे ते बघावं, इतका खाली मी याआधी गेलो नव्हतो.

आम्हाला पाटावर बसवलं. समोर तांब्याचं ताट, त्यात अनारसे, मधोमध दिवा. यामिनी शेजारी, आणि ती मनापासून खूश होती. सासूबाईंनी निरांजन उचललं तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. तिचे हात वाणाच्या ताटाला लागलेले, म्हणून सासऱ्यांनी घेऊन स्पीकरवर टाकला. शामकांतकाका होते.

"यामिनी, तुमच्या बंद घरात पंखा चालू आहे."

"राहिला असेल काका. बंद करा."

"करतो. पण त्याला परकराची लाल नाडी बांधलेली आहे. दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरचा माऊस. सोडू का तशीच ठेवू?"

"बंद करू नका," मी ओरडलो.

निरांजन हवेत थांबलं. यामिनीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिकडून काका शांतपणे म्हणाले, "केला की मी. फुकट वीज जाळायची म्हणजे काय?" आणि त्यांनी फोन ठेवला.

मग मी सगळं सांगितलं. पाटावर मांडी घालून, कपाळावर गंध, समोर तेहतीस अनारसे, अशा अवस्थेत सांगितलं. सुट्टी घेतलेली नाही. पंखा माझ्या जागी कामावर होता. नाडी मी काढली. नारायणाने भर पूजेत असा जबाब दिल्याचं दुसरं उदाहरण नसेल. सासूबाईंना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी ओवाळून घेतलं.

यामिनी एवढंच म्हणाली, "अहो, अनारसे मोजून घ्या."

इथे एक खुलासा करायला हवा. ती मला एरवी अरे-तुरे करते. आईबाबांसमोर 'अहो' म्हणते ते रीत म्हणून. पण हे ते 'अहो' नव्हतं. हे ज्या दिवशी घरात दोन कुकर वेगवेगळे लागतात त्या दिवशीचं होतं.

धोंड्यांची चव कळली नाही. घास घेताना डोळ्यांपुढे पिवळा टिपका. चाळीस मिनिटं झाली असतील, पन्नास झाली असतील. बायको गेली, नोकरीही जाणार. सासऱ्यांनी माझा चेहरा बघितला आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला. ते म्हणाले, चूक झाली की लपवायची नाही, चार ओळींत लिहून द्यायची. यामिनीने पर्समधून माझा मोबाईल काढून माझ्यापुढे सरकवला. सासरे सांगत गेले आणि मी इंग्रजी करत गेलो. मी अवधूत, आज कामावर नाही. माझा माऊस पंख्याला बांधलेला होता. असा प्रकार पुन्हा घडणार नाही. सिमरन मॅडमना पाठवून दिलं.

उत्तर पाच मिनिटांत आलं. मॅडमनी लिहिलं होतं, "अवधूत, आज कंपनीला सुट्टी आहे. सगळ्यांना. सोमवारी मेल आला होता ना? कसला पंखा?"

मी तो निरोप तीनदा वाचला. कर्मचाऱ्यांनी कामाबाहेरचं आयुष्य जगावं म्हणून कंपनीने हा शुक्रवार मोकळा दिला होता. मेल मला आला नव्हता असं नाही. ज्या मेलमध्ये आनंद, आरोग्य, तोल असले शब्द येतात ते वाचायला वेळ नसतो, म्हणून ते परस्पर एका वेगळ्या कप्प्यात टाकायची व्यवस्था मीच गेल्या वर्षी करून ठेवली होती. (त्या कप्प्यात दोनशे बारा मेल होते. एकात माझ्या मागच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या.) म्हणजे सबंध कंपनीत आज एकच टिपका हिरवा होता, आणि तो पंख्याचा होता.

तरीही मला क्षणभर आनंद झाला. मी स्वयंपाकघरात धावलो. "यामिनी, मी खोटं बोललोच नव्हतो. खरंच सुट्टी होती."

ती ताटं आवरत होती. म्हणाली, "तुम्ही खोटंच बोललात. ते खरं निघालं, त्यात तुमचा काय हात?"

परतीच्या एसटीत मी तिला शब्द दिला की पुढच्या रविवारी काजवे, काहीही होवो. आईबाबांनाही घेऊ. सावेडी जवळ आल्यावर ती म्हणाली, बघू. त्या दोन अक्षरांवर मी शनिवार-रविवार काढले.

सोमवारी कंपनीतून मेल आला. या वेळी कप्प्यात गेला नाही, कारण विषयात फक्त माझं नाव होतं. सुट्टीच्या दिवशीही कामावर दिसलेला कर्मचारी एकच, आणि त्याच्या लेखी कबुलीवरून त्याच्यावर ताण असल्याचं दिसतं. कंपनीला त्याची काळजी वाटते. तरी त्याने कामाबाहेरच्या आयुष्याचा आस्वाद घेण्याविषयीच्या शिबिराला हजर राहावं. सक्तीचं. ऑनलाइन. रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. कॅमेरा चालू ठेवावा, आणि पंखा चालणार नाही.

यामिनी चिडली नाही, तेच वाईट झालं. रविवारी सकाळी सासू-सासरे गाडी करून आले. तिने पाण्याच्या बाटल्या भरल्या, शाल घेतली, आणि दारातून म्हणाली, "अहो, डबा ओट्यावर आहे." गाडी राजूरच्या दिशेने गेली. मी लॅपटॉप उघडला.

दुपारी तीनच्या सुमाराला शिकवणाऱ्या बाईंनी डोळे मिटायला सांगितले. खांदे सैल सोडा, श्वास घ्या, आणि हळूहळू डावीकडे झुका, मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. आवडत्या माणसाबरोबर आवडत्या जागी आहात अशी कल्पना करा. मी काजव्यांची कल्पना करत होतो आणि खरं सांगतो, मला रडू येत होतं.

तेवढ्यात कुलूप उघडल्याचा आवाज झाला आणि शामकांतकाका आत आले. बाहेरून कुलूप आहे हे मला तेव्हा कळलं. ते सरळ टेबलाजवळच्या बटणाकडे गेले, आणि मी दिसताच थबकले.

"तू आहेस होय? खिडकीतून काहीतरी डावीउजवीकडे हलताना दिसलं. म्हटलं, पुन्हा पंखा चालू राहिला."

"मी घरीच आहे काका."

"असं कसं? यामिनी किल्ली देताना सांगून गेली, घरात कुणी नाही म्हणून."

त्यांनी तुळशीला पाणी घातलं आणि जाताना सवयीने माझ्या डोक्यावरचा पंखा बंद केला.