सर्जेराव महाराजांचे दात आणि बापूजी होकारनीस यांची हकीकत

श्री एकदंत प्रसन्न, ज्यास दात एकच असोन ज्याची तक्रार ऐकिली नाही. शके सोळाशे आणि वर काही, दुर्मुखनाम संवत्सरी, एका राज्यात श्रीमंत सर्जेराव महाराज गादीवर बसले आणि त्यांचे दात त्यांच्याही पुढे बसले. महाराज हसताना तोंडावर शेला धरीत. मग गजराबाईसाहेबांशी सोयरीक ठरली आणि नवरीकडून निरोप आला की, दातांचे आम्हास काही नाही, परंतु शेल्याआड माणूस हसतो की रडतो हे जन्मभर कोणी ओळखीत बसावे? निरोप महाराजांचे जिव्हारी लागला आणि लग्न दोन वर्षे पुढे ढकलोन दंतवैद्य भागूबाई टेंबे यांस पाचारण जाहले.

आता त्या राज्यी रिवाज ऐसा की, महाराजांनी स्वमुखे कशासही हो म्हणू नये, हलके दिसते. त्यासाठी बापूजी होकारनीस पिढीजात नेमिलेले. ते महाराजांचे वतीने ऐकत आणि महाराजांचे वतीने हो म्हणत. भागूबाईंनी सांगो आरंभिले की, दातांस तारा बसतील आणि दुखेल, जागेसाठी एखादा चांगला दातही काढावा लागेल, क्वचित मुळे झिजतात, तारा असेतो ऊस आणि चिक्की वर्ज्य, जेवणागणिक दात घासणे, आणि तारा निघाल्यावर रात्री पट्टी न घातल्यास दात वतनदारासारखे मूळ गावी परततात. मग म्हणाल्या, "ज्याचे दात, होकार त्याचा. नको म्हटले तरी चालेल."

दरबार पोट धरोन हसला. महाराज मोर पाहत होते. बापूजी म्हणाले, "हो."

मग तारा महाराजांस बसल्या आणि पथ्य बापूजींनी पाळिले. बापूजींनी ऊस सोडिला आणि चिक्कीकडे पाठ करोन बसले आणि पानावरून उठले की दात घासले. महाराजांनी ऊस दातांनीच सोलिला, आणि तारेचा तुकडा उडोन हत्तीस लागला, आणि हत्ती नोकरी सोडोन गेला. दोन वर्षे सरली तरी दात होते तेथेच. महाराज संतापले आणि भागूबाईंस तोफेच्या तोंडी द्या म्हणाले. भागूबाईंनी तोफेचे तोंड तपासिले, हेही कोणी घासीत नाही म्हणाल्या, आणि वळोन बोलिल्या, "सरकार, दात तुमचे, ऐकिले यांनी. यांचे पाहा."

बापूजींनी तोंड उघडिले. दरबाराचे डोळे दिपले. महाराज ते दात पाहोन हळूच पुसते जाहले, "बापूजी, लग्नात नवरीस हो कोण म्हणणार?"

"रिवाजाने मीच, सरकार. अंगरखा शिवून तयार आहे."

महाराज गादीवरून उतरले आणि भागूबाईंसमोर मांडी घालोन म्हणाले, "बाई, पहिल्यापासून सांगा."

मग सर्व ऐकिले, आणि दुखेल का हे फिरफिरोन पुसिले, आणि काहीच न केल्यास काय हेही पुसिले. भागूबाई म्हणाल्या, राज्य बुडत नाही. तेव्हा महाराजांनी विचारास एक दिवस मागोन घेतला आणि दुसरे दिवशी घसा खाकरिला. शब्द नवा, म्हणोन आधी नुसते "हं" निघाले; ते भागूबाईंनी धरिले नाही. मग "हो" निघाला.

लग्न तारांसकट लागले. अंतरपाटाचा धागा महाराजांचे तारेत अडकला आणि अंतरपाट दूर होईना आणि भटजींनी मंगलाष्टके पुन्हा धरिली. अखेर गजराबाईसाहेबांनी स्वहस्ते धागा सोडविला आणि महाराज शेल्यावाचोन हसले.

येणेप्रमाणे दात मार्गी लागले आणि होकारनिशी बंद जाहली. बापूजींस पुसिले, पद खुशीने सोडता का? ते सवयीने हो म्हणाले.